विरणाऱ्या बातम्यांचा कागद

कोल्हापूर

प्रिय अव्या,

तुझ्या प्रदर्शनाचा आराखडा वाचला. बातम्या छापून याव्यात आणि दालनात टांगल्या टांगल्या पुसट होत जाव्यात, ही कल्पना सोडू नकोस. प्रोजेक्टर मात्र काढून टाक. पडद्यावर मजकूर येतो नि जातो, त्याचं आता कुणालाच काही वाटत नाही. विरणं साहित्यातच पाहिजे. युलिअस पॉप या जर्मन कलाकाराच्या ‘बिट.फॉल’मध्ये नेटवरच्या बातम्यांतले शब्द पाण्याच्या थेंबांतून खाली येतात आणि वाचेपर्यंत फुटतात. तिथं वेगळी पाटी लावून काही समजवावं लागत नाही. तुझ्याकडे पाण्याच्या जागी थर्मल कागद आहे, म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छापला जाणारा, एसटीच्या तिकिटाचाच. खिशात राहून ते कसं कोरं पडतं ते तुला सांगायला नको.

प्रिंटर 58 मिलिमीटरचा घे. छपाईची रुंदी 48 मिलिमीटर, म्हणजे 384 ठिपके, मिलिमीटरला 8. या स्वस्त प्रिंटरांत देवनागरी नसते, त्यामुळे मजकूर अक्षरं म्हणून पाठवलास तर कचरा छापला जाईल. आधी रास्पबेरी पायवर (तो तळहाताएवढा संगणक) ओळीचं चित्र बनव आणि ते पाठव. पायथनमधली चित्रं बनवणारी पिलो लायब्ररी वापरणार असशील तर तिला लिबराक्मची, म्हणजे जोडाक्षरं-वेलांट्या नीट जुळवणाऱ्या लायब्ररीची, जोड आहे ना ते तपास. नसेल तर ‘शिरोळ’ची वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते आणि ‘कोल्हापूर’मधल्या ल चा पाय मोडून ह वेगळा उभा राहतो. फाँट मुक्ता, जरा जाड वजनाचा, उंची 32 ठिपके. 24 वर अनुस्वार शिरोरेषेला चिकटतात आणि रफार ओळखू येत नाही. चित्र निव्वळ काळं-पांढरं कर. कडेच्या करड्या छटा राहिल्या तर अक्षराभोवती बुरशी आल्यासारखे ठिपके छापले जातात.

पाय आणि प्रिंटरमधली सीरियल जोडणी 9600 बॉडच्या (माहिती पाठवायच्या) वेगावर ठेवलीस तर सेकंदाला ठिपक्यांच्या 20 ओळी जातात, म्हणजे अडीच मिलिमीटर. 3 सेंटिमीटरची बातमी छापायला 12 सेकंद. यूएसबीवर हे काम झटक्यात होतं, पण मी संथच ठेवीन. माणूस थांबतो, ओळ पुरी व्हायची वाट बघतो. मिनिटाला एक बातमी धरलीस तर 8 तासांत 480, म्हणजे 14.4 मीटर. 15 मीटरचा रोल जेमतेम पुरेल, दुपारी बदललेला बरा.

वीज हा खरा त्रास. काळा भाग जास्त असला की प्रिंटर एकदम खूप करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि पाय रीस्टार्ट होतो. प्रिंटरला 5 व्होल्ट 3 अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर दे, पायला त्याचा वेगळा. फक्त ग्राउंडच्या (ऋण) तारा एकत्र. प्रिंटरची टीएक्स (माहिती बाहेर पाठवणारी) तार पायला थेट लावू नकोस, तिकडून 5 व्होल्ट येतात आणि पायची पिन 3.3 चीच आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं हा हट्टही सोड. प्रिंटरचं छापणारं हेड तापतं आणि कागद चिकटतो.

लाइट जाणार हे धरूनच चाल. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू कर. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही आणि यंत्र बंद झालं की दिवसभराचं सगळं विसरतं. दुसऱ्या कुणाची ही अडचण झाली असती, तुला तर तेच हवंय! बॅटरीवरचं घड्याळ मात्र लाव, डीएस 3231 चा छोटा मॉड्यूल मिळतो. नाहीतर लाइट आल्यावर नेट नसेल तर चुकीची वेळ छापत बसेल. हॉलच्या वायफायवर विसंबू नकोस, स्वतःचं डोंगल ने. नेट गेलंच तर जुन्या बातम्या फिरवू नकोस, नुसती वेळ छापून खाली कागद कोरा सोड.

आता कागद. त्याच्या थरात रंगहीन डाय आणि डेव्हलपर शेजारी असतात; हेडची उष्णता लागली की ते वितळून मिसळतात आणि काळं उमटतं. ऊन, तेल आणि मऊ पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर ही जोडी मोडतं. म्हणून वरून संरक्षक थर नसलेला स्वस्त कागद माग. एकाच रोलच्या तीन पट्ट्या घे: एक खिडकीत, एक पीव्हीसीच्या पाकिटात, एक बंद कपाटात. रोज एकाच उजेडात फोटो काढ, तुझ्या कागदाचा वेग त्यातूनच कळेल. दिवे एलईडीच. हॅलोजन जवळ आला तर कागद विरायच्या ऐवजी काळा पडेल आणि सगळा अर्थच उलटा होईल. सॅनिटायझरचा हातही लावू देऊ नकोस, स्पिरिटनंही तो काळवंडतो. या कागदात बरेचदा बिस्फेनॉल ए हे घातक रसायन असतं (युरोपात 2020 पासून त्यावर मर्यादा आहे), तेव्हा मदतनीस मुलांना हातमोजे दे आणि उरलेला कागद रद्दीत घालू नकोस. आणि श्रावणात प्रदर्शन असेल तर रोल हवाबंद डब्यात. दमट कागद फुगून अडकतो.

एक गोष्ट आत्ताच कागदावर उतरव: यातलं ‘काम’, म्हणजे कलाकृती, नक्की कोणतं? व्हिडिओ-कलाकार नाम जून पाइकनं 1988 मध्ये 1,003 टीव्हींचा मनोरा रचला. नळ्या जुन्या झाल्या, 2018 ला तो बंद ठेवावा लागला आणि 2022 ला पुन्हा लागला तेव्हा काही टीव्हींच्या पोटात एलसीडी बसवले होते. असा बदल चालतो की नाही यावर वाद होतोच. 2023 मध्ये ट्विटरनं फुकटचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना ट्वीट मिळायची वाट) काढून घेतला, तेव्हा त्यावर चालणारी कितीतरी कामं उपाशी पडली. आपल्या गावाला हे नवं नाही म्हणा. इथंच सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट तरी कुठं उरलेत? न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाच्या लोकांनी अशी कामं टिकवायच्या चार वाटा सांगितल्यात: जपून ठेवणं, जुन्या यंत्राची नक्कल चालवणं, नव्या यंत्रावर नेणं, नव्यानं मांडणं. माझ्या मते तुला चौथी. छापलेल्या पट्ट्या जपू नकोस. कोड, फाँट आणि ‘कागद विरलाच पाहिजे’ ही अट एवढं जप. बातम्यांचे स्रोतही पाच तरी ठेव, एखादा फीड (साइटवरून आपोआप येणारी बातम्यांची यादी) न सांगता बंद होतोच.

प्रिंटर एकाच बनावटीचे दोन घे. त्याच्या बुडाच्या भोकांची मापं पाठव, 16 गेज पत्र्याचं ब्रॅकेट इथल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात करून घेतो. कागद बाहेर येतो त्या कडेला गोलाई सांग, नाहीतर पट्टी तिथंच फाटते.

तुझा,
संज्या