पौंड आणि टनांची बेरीज

संपादक महोदय,

आफ्रिकेतील युरेनियमवरच्या आपल्या लेखात नामिबियाचा साठा टनांत आणि मलावीचा पौंडांत दिला आहे आणि खाली दोन्हींची सरळ बेरीज मांडली आहे. खाणकंपन्या पौंड मोजतात ते युरेनियम ऑक्साइडचे. आंतरराष्ट्रीय अहवालांतले टन असतात निव्वळ युरेनियमचे. ऑक्साइडमध्ये युरेनियम 84.8 टक्के, म्हणून 10 लाख पौंड ऑक्साइड म्हणजे सुमारे 385 टन युरेनियम.

बेरीज जमली तरी तिच्यावरून खाण चालेल की नाही ते कळत नाही. नामिबियातल्या रॉसिंग खाणीत टनभर खडकात ऑक्साइड जेमतेम 300 ग्रॅम. एक टन युरेनियम हाती येण्यासाठी चार हजार टनांहून जास्त खडक दळावा लागतो. तो ग्रॅनाइटच्या जातीचा असल्याने त्यातले युरेनियम विरघळवून काढायला तिथे गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) चालते. त्याच वाळवंटात लँगर हाइनरिख खाणीत मात्र युरेनियम चुनखडीत आहे. आपल्या काळ्या रानातल्या चुनखडीवर आम्ल टाका, फसफसून संपून जाते. तिथेही चुनाच सगळे आम्ल खाईल. म्हणून सोडियम कार्बोनेटचा गरम द्राव वापरतात. पाऊस नाही, त्यामुळे समुद्राचे पाणी गोडे करून आणावे लागते. हा खर्च साठ्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मलावीच्या कायेलेकेरा खाणीला वीज डिझेल जनित्रांवर होती; जपानमधल्या 2011 च्या फुकुशिमा अणुभट्टी अपघातानंतर युरेनियमचे भाव पडले आणि 2014 मध्ये काम थांबले. नायजरची अडचण वेगळी, त्या देशाला समुद्रकिनारा नाही. जुलै 2023 च्या सत्तापालटानंतर बंदराच्या वाटेवरची बेनिनची सीमा बंद झाली आणि तयार माल खाणीवरच पडून राहिला.

लेखात टाकाऊ गाळाचा उल्लेखही नाही. युरेनियम काढून घेतले तरी रेडियम आणि थोरियम गाळातच उरतात, मूळ किरणोत्साराचा सुमारे 85 टक्के भाग त्यांच्यासोबत. त्यावर मातीचा जाड थर हवा, नाहीतर वारा धूळ नेतो आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटत राहतो. नायजरची अकूता खाण 2021 मध्ये बंद झाली, गाळाची राखण सुरूच आहे.

आणि शेवटी सुचवलेला 'खानदेशातही शोध घ्यावा' हा सल्ला! इथला काळा पाषाण बेसॉल्ट आहे. त्यात टनामागे युरेनियम एखादा ग्रॅम, बहुधा त्याहूनही कमी. झारखंडच्या जादूगोड्याला युरेनियमची खाण आहे, पण तिथला खडक निराळा.

कृपया दुरुस्त तक्ता छापावा आणि प्रत्येक साठ्यापुढे एकक, खडक व टनामागे किती ग्रॅम, एवढे तरी द्यावे.

— एक वाचक, भुसावळ