मावशी, तुमच्यामुळे घराचा हिशोब कळला

मावशी,

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गो" म्हणत चहा ठेवायला उठता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय.

रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ रिसेलचा वन बीएचके 32 लाखांना ठरला तेव्हा आम्ही दोघं फक्त 32 लाखच धरून चाललो होतो, बँक नव्वद टक्के देईल, उरलेले आपल्याकडे आहेत, झालं. मग एजंटने चिठ्ठीवर "रजिस्ट्रेशन खर्च अडीच लाख, कॅश" असं लिहून दिलं आणि बँकेत विचारलं तर म्हणे घर 10 लाखांच्या वरचं असेल तर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन लोनमध्ये धरत नाहीत, तुमचं तुम्ही बघा. त्या रात्री मला झोप नाही.

तुम्ही इतकी वर्षं वकिलांकडे दस्त टाईप केलेत, पण तसं काही न मिरवता कॅलेंडरचं जुनं पान पालथं घातलंत आणि म्हणालात, "अगो, प्रत्येक रकमेपुढे लिही, हा पैसा कोणाच्या खात्यात जातो."

तिथेच सगळं सुटलं. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी सरकारची, ती ग्रास या सरकारी वेबसाईटवरच्या चलनाने आपल्याच नावाने ऑनलाईन भरायची, कॅश कोणाच्या हातात द्यायचीच नाही. ड्युटी लागते ती करारातली किंमत आणि रेडी रेकनर म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत, यात जी जास्त असेल तिच्यावर, आमची करारातलीच जास्त होती. फी 1 टक्का, पण 30 लाखांच्या वर गेलं की सरळ 30 हजार, आणि दस्ताच्या पानामागे हाताळणीचे थोडे पैसे वेगळे. बाकीचं म्हणजे वकील, सर्च रिपोर्ट (घराचे जुने व्यवहार, बोजा तपासल्याचा), एजंटचं कमिशन, हे बोलून ठरवायचं, आणि बोललो तर खरंच कमी झालं. बँकेची प्रोसेसिंग फी आणि सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळी लिहायला लावलीत, ती तर आमच्या गावीही नव्हती.

आणि मग विचारलंत, घर दोघांच्या नावावर कशाला? फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट, 2021 च्या एप्रिलपासून आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. आधी 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती ती पण 2023 मध्ये काढली, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हे लगेच हो म्हणाले, लोनला सहकर्जदार राहिले, दस्तावर नाव माझं एकटीचं. 32 हजार वाचले मावशी, त्यात स्वयंपाकघराचा ओटा झाला.

सही करायच्या आधी विकणाऱ्या काकांकडून घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटीचा नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्या म्हणालात. मेंटेनन्सची जुनी बाकी निघाली, त्यांनाही ती आठवत नव्हती बिचाऱ्यांना, त्यांनी दुसऱ्या दिवशी भरली. रजिस्ट्रेशननंतर ती निघाली असती तर कोणी कोणाकडे मागायची.

इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा, हातात आला तेव्हा त्यावर माझं एकटीचं नाव बघून आईला रडू आलं. तो फायलीत लावलाय आणि त्याच्याच मागे तुमचं कॅलेंडरचं पान. वास्तुशांत पाऊस लागायच्या आधी करतोय, ओट्यावरचा पहिला चहा तुमच्यासाठी, तेव्हा तुम्ही उठायचं नाही.

तुमची, वरच्या मजल्यावरची