‘कारण’ हा रकाना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात मुक्त बाजारपेठेवरून वाद पेटला की दोन्ही बाजूंचे वाचक एकमेकांना मूळ पुस्तके न वाचताच सुनावतात. मीही त्यातलीच. ३१ वर्षे परवाना विभागात काढली, शेवटची नऊ वरिष्ठ लिपिक म्हणून. ‘बाजार मोकळा सोडा’ असे कोणी म्हटले की ते माझ्या टेबलाकडे बोट दाखवून म्हटल्यासारखे मला लागायचे. निवृत्तीनंतर भाचीने मला तिच्या ऑनलाइन वाचनगटात ओढले. विषय मुक्त बाजारपेठ आणि व्यक्तिस्वातंत्र्य. “ये गं मावशी, तुला भांडायला माणसं मिळतील,” म्हणाली.

आम्ही अकरा जण आहोत. शनिवार-आड दीड तास बसतो, एका वेळी वीसेक पाने. नियम एकच : आपले मत सांगण्याआधी लेखकाने ते कोणत्या पानावर म्हटले आहे ते दाखवायचे. पहिल्याच महिन्यात निम्मी भांडणे मिटली, कारण पान सापडेना.

सुरुवात अ‍ॅडम स्मिथपासून. मुक्त बाजाराचे नाव निघाले की ज्याचा दाखला देतात, तो हा स्कॉटिश अर्थतज्ज्ञ. त्याचा ‘अदृश्य हात’, म्हणजे जो तो आपला फायदा पाहतो आणि त्यातून नकळत सगळ्यांचे भले होते ही कल्पना, १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या जाडजूड ग्रंथात एकदाच येते. गटातल्या एका उत्साही मुलाने खात्री करायला पुन्हा पुन्हा शोधले. उलट, मजुरी वाढू नये म्हणून मालक आपापसांत गुपचूप संगनमत करून असतात, हे स्मिथ स्वच्छ लिहितो. एका धंद्यातली माणसे जमली की बोलणे गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर घसरते, हेही त्याचेच. व्यापाऱ्यांविषयीचा त्याचा संशय पाहून मला तर बरे वाटले. आमच्या खात्यात सहज खपला असता.

पण मग मुक्त बाजाराचा कैवारी अर्थतज्ज्ञ हायेक याचा १९४५ चा एक छोटा लेख आला आणि मी अडकले. जगात कुठेतरी कथलाची नवी गरज निघाली, किंवा एखादी खाण बंद पडली. दोहोंपैकी काय झाले हे कथील वापरणाऱ्याला कळण्याची गरजच नाही, असे हायेक म्हणतो. भाव चढला, तो हात आखडता घेतो, झाले.

आमच्या अर्जात सातवा रकाना होता, ‘कारण’. परवाना कशासाठी हवा, ते तिथे लिहायचे आणि ती निकड खरी की खोटी, ते मी ठरवायचे. कशावरून ठरवत होते मी? अर्जदारांना कोणता मजकूर पास होतो ते पाठ झालेले असे. ज्याचे खरोखर अडले आहे आणि ज्याने नुसती शेजारच्याची नक्कल केली आहे, दोघांची वाक्ये शब्दशः तीच. भावाला कारण विचारावे लागत नाही. मला लागायचे, आणि विचारूनही कळायचे नाही. त्या दिवशी मी गटात काहीच बोलले नाही. भाचीने नंतर फोन करून विचारले, नेट गेले होते का?

बास्तिया या फ्रेंच लेखकाने १८५० साली ‘दिसते ते आणि न दिसते ते’ असा फरक करून दाखवला आहे. तो वाचताना मला एक फाईल आठवली. एका माणसाला काम वाढवायचे होते. एका सहीसाठी कागद आठ महिने पडून राहिला. सही माझी नव्हती, पण स्मरणपत्र पाठवणे माझे काम होते. सुरुवातीला तो दर आठवड्याला यायचा, मग महिन्याने, मग आलाच नाही. आम्ही शेरा मारला : अर्जदार अनुपस्थित, प्रकरण निकाली. त्या महिन्याच्या अहवालात आमच्या निकाली प्रकरणांत एकाची भर पडली. ज्यांना त्याने कामावर घेतले असते, ती माणसे कधी तक्रार घेऊन आली नाहीत. कशी येणार? आपले काही हुकले, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

म्हणून मी पक्ष बदलला असे मात्र कोणी समजू नये. बाहेर पडायच्या दारासमोर माल रचून ठेवलेल्या गोदामाचा परवाना मी अडवला होता आणि आजही अडवीन. गटातला तोच मुलगा म्हणाला, वाईट मालकाकडे माणसे टिकत नाहीत, बाजारच त्याला धडा शिकवतो. मी विचारले, “आगीनंतर का?” नियमाप्रमाणे त्याने पान शोधले. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात, शेवटच्या प्रकरणात, मला हवे ते मिळाले. मिल म्हणतो, खुल्या व्यापाराचे तत्त्व आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व यांचे आधार वेगवेगळे आहेत. व्यापार ही समाजाशी संबंध येणारी कृती आहे. म्हणजे आमच्या गटाच्या विषयातला ‘आणि’ वाटतो तितका सरळ नाही! त्याच प्रकरणात विष विकणाऱ्याने वहीत तारीख, गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता, किती घेतले आणि कशासाठी, हे लिहून ठेवावे असे तो सुचवतो. कशासाठी! म्हणजे माझा सातवा रकाना.

याच मिलवर माझा राग मात्र आहे. त्याने ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली आणि जे समाज अजून ‘वयात आलेले नाहीत’ त्यांना हे स्वातंत्र्याचे तत्त्व लागू नाही, असे पहिल्याच प्रकरणात लिहून मोकळा झाला. त्या वाक्यात आपण कुठे बसतो, हे सांगायला नको. गटात कोणीतरी म्हणाले, काळाच्या संदर्भात वाचा. वाचले. राग तसाच आहे.

माझे म्हणणे एवढेच, की असे गट एका मताच्या माणसांनी भरले तर ती आरती होते. निरीक्षक, युनियनवाले, सहकारातले, माझ्यासारख्या शिक्के मारलेल्या बाया, यांनी तिथे जाऊन बसावे. आणि गट चालवणाऱ्यांनीही त्यांना शोधून बोलवावे. आमच्यात माझ्याखेरीज असे कोणी नाही आणि मला एकटीलाच किल्ला लढवावा लागतो.

जाता जाता एक किस्सा. आमच्या सूत्रधाराने सांगितला, म्हणून कळला. स्मिथ स्वतः १७७८ पासून सीमाशुल्क आयुक्त होता. पद मिळाल्यावर त्याने आयातबंदीच्या मालाची यादी चाळली, मग स्वतःचे कपडे तपासले. गळपट्टे, हातरुमाल, जवळजवळ सगळे बंदीतले निघाले. त्याने ते जाळून टाकले आणि एका ओळखीच्या गृहस्थांना कळवले, की तुम्ही आपले किंवा पत्नीचे कपडे तपासायला जाऊ नका. मी हे आमच्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला ऐकवले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पण मॅडम, जाळायची परवानगी कोणाची घेतली?”

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक