डबल बेल

रविवार, ५ जुलै

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. मी धडधाकट आहे, रोज दोन वेळा जेवते आणि छत्री अजून हरवलेली नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आई मध्येच विचारते 'जेवलीस का', बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देऊन टाकतात, आणि सांगायचं ते राहून जातं. गेले तीन रविवार हेच झालं. शेवटी आज शाळेच्याच वहीतलं पान फाडलं. (हो बाबा, मधलं पान. मागचं पान सुटत नाही, लक्षात आहे.)

आधी शाळेचं सांगते. १५ जूनला शाळा सुरू झाली ती धो धो पावसात. प्रवेशोत्सव म्हणून आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण लावलं होतं, ते दहा वाजेपर्यंत फलकावर लोंबत होतं आणि खडूने लिहिलेलं 'सुस्वागतम्' पायऱ्यांवरून वाहून चाललं होतं. पहिलीतल्या पोरांना फुलं दिली. एकाने फूल घेतलं, वास घेतला आणि मला परत दिलं. पुस्तकं त्याच दिवशी हातात पडली. नवं पुस्तक उघडून त्यात नाक खुपसणारी पोरं अजून आहेत, आई. तुला वाटतं तसं सगळं मोबाईलने बुडवलेलं नाही.

आता जे सांगायचं ते. ही शाळा संस्थेची जुनी शाखा नाही, नदीपलीकडची दुसरीही नाही. ही तिसरी, घाटाखालची. मी इथे आले आहे. कायमची नव्हे, तीन वर्षांसाठी, पण आले आहे.

दिवाळीत मी काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं. जिन्यावर बसून म्हणाले होते, जूनमध्ये बदली मागते, अर्ध्या तासाच्या अंतरावर येते, रोज संध्याकाळी चहाला तुमच्याकडे. अर्ज केलाही होता. तो मंजूरही झाला, तेही पर्यवेक्षक म्हणून. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. ९ जूनला मोठ्या बाईंनी बोलावून दोन्ही कागद पुढे ठेवले आणि मी हा उचलला. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते 'तुला पटेल ते कर', आई काहीच म्हणाली नसती, आणि मग मी तोच दुसरा कागद उचलला असता.

कारण सांगते. पगाराचं कारण नाही, पगार तोच आहे. उलट तिकडे पद होतं. दादाचंही कारण नाही, तसं मनात आणू नका. गेल्या डिसेंबरात तिन्ही शाखांची नववीची एकत्र सहल निघाली, अजिंठा-वेरूळ. या शाखेतून मुलं गेली, मुली गेल्या नाहीत. आठ जणी होत्या. मुक्कामी सहलीला मुलींसोबत बाई हवी, आणि इथे तेव्हा एकही बाई नव्हती. दुसऱ्या शाखेच्या बाई म्हणाल्या, आमच्याच चाळीस आहेत, आणखी आठ कशा सांभाळू? त्यांचंही खरंच होतं. सहलीचे तीन दिवस त्या आठ जणी वर्गात बसून होत्या, आणि सरांनी त्यांच्याकडून ग्रंथालयाची कपाटं लावून घेतली. कपाटं छान लागली आहेत. मी ती बघितली आणि मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, कारण चुकलं असं कुणाचंच नव्हतं.

त्या आठ जणी आता दहावीत आहेत. दहावीच्या भूगोलातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्गहून अलिबागला जाणाऱ्या मुलांचा. तो त्यांना वर्गात बसून शिकवायचा, म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं वर्णन ऐकवायचं. म्हणून यंदा नववीबरोबर दहावीच्या मुलीही नेणार आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज आत्ताच टाकलाय, पालकांची संमतीपत्रं दिवाळीनंतर घेईन. एसटीला शालेय सहलीसाठी निम्मं भाडं पडतं, तोही अर्ज मीच लिहिला. बाबा, अर्ज लिहिताना तुमचं अक्षर डोळ्यांसमोर होतं, 'मा. आगार व्यवस्थापक साहेब' असं लफ्फेदार.

आणि एक गोष्ट आधी लिहून खोडली होती, पुन्हा लिहिते. ती कारणं खरी आहेत, पण मला इथे आवडतंसुद्धा. रागावू नका.

राहायचं म्हणाल तर शाळेमागेच दोन खोल्या आहेत. मालकीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, आई, आणि तुझ्याइतक्याच चौकस. पहिल्या दिवशी विचारलं, एकटीच का, दुसऱ्या दिवशी चुलीजवळ माझे मोजे वाळत घातले. पाणी नळाला सकाळ-संध्याकाळ येतं. वीज जाते, पण येते. दवाखाना पायी दहा मिनिटांवर, डॉक्टर तिथेच राहतात. गॅस आहे, कुकर तू दिलेलाच आणलाय, पोळ्या मी करते आणि भाजी कधी मालकीणबाईंकडून येते. कपडे वाळत नाहीत, एवढीच तक्रार आहे. गादीखाली ओल येते म्हणून मी पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलाय. हे तुझ्याकडूनच शिकले, त्या जुन्या घरात.

आता बाबांसाठी. मागच्या शनिवारी पाचवी-सहावीची पहिली क्षेत्रभेट नेली. कुठे, ओळखा. एसटी डेपोत! मुख्याध्यापक म्हणाले, डेपोत काय बघायचंय, रोज तर एसटीने येतात. मी म्हटलं, रोज बघतात म्हणूनच. आगार व्यवस्थापकांनी स्वतः फिरवून दाखवलं. वर्कशॉपमधल्या खड्ड्यात उतरून गाडीचं पोट खालून बघितलं तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. वाहतूक नियंत्रकांच्या खोलीत माईकवर एकीला गाडी पुकारायला दिली. ती इतकी खच्चून ओरडली की फलाटावरचे दोघं-तिघं खरंच उठून उभे राहिले. मी सांगितलं की १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि अहमदनगरचं आता अहिल्यानगर झालंय. हे सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. वहीत उतरलं नाही ते वेगळंच.

एका पोराने विचारलं, गाडी भरलेली असताना कंडक्टरला किती माणसं आहेत ते कसं कळतं? तिथला तरुण कंडक्टर मशीन दाखवायला लागला. मी मध्येच तोंड घातलं, 'माणसं मोजायची नाहीत, रिकाम्या सिटा मोजायच्या. माणसं हलतात, सिटा हलत नाहीत. चव्वेचाळिसातून वजा करायचं, उभे असतील ते वर मिळवायचे, आणि मगच डबल बेल.' तो बघतच राहिला. म्हणाला, बाई, तुमच्या घरी कोण होतं एसटीत?

बाबा, मी सहलीला अजून अशीच मोजते. बाकीचे शिक्षक पोरांच्या डोक्यावर टपल्या मारत एक, दोन, तीन करतात आणि दर वेळी एक कमी नाहीतर एक जास्त. मी मागच्या सिटापासून रिकाम्या जागा मोजत पुढे येते. आजवर माझा आकडा चुकलेला नाही. शेवटच्या गाडीला तुम्ही मला नेत होतात, आई मामाकडे होती तेव्हा, त्या दिवसांतलं हे आहे. मी तुमच्या सिटावर खिडकीशी, मांडीवर तिकिटांचा ट्रे, तुम्ही मागे गेलात की तो सांभाळायचा मान माझा. सुट्ट्या पैशांचा वास माझ्या फ्रॉकला रात्रभर यायचा. दोरी ओढायला द्या म्हणून मी रडायचे, आणि तुम्ही द्यायचात, फक्त शेवटच्या थांब्यावर, गाडी रिकामी झाल्यावर. एकच टोला. दोन टोले दिलेस तर गाडी तुला घेऊन जाईल, म्हणायचात.

आता तुमच्या काळजीचं. मला माहीत आहे, 'सहल' वाचूनच तुमच्या छातीत धडधडलं असेल. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्या रात्री साडेअकराला तुम्ही मला फोन केला होतात. मी घरीच होते, सहलीला नव्हतेच, तरी तुम्ही विचारलंत, 'तुझी पोरं कुठे आहेत?' ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या कुठल्याही सहलीत पाण्यात पाय घालायचा नाही, म्हणजे नाही. समुद्र लांबून. पावसाळ्यात धबधब्याला नेणार नाही. यंदा दोन पालक त्यासाठी भेटून गेले, मी चहा दिला आणि नाही म्हटलं. रात्रीचा प्रवासही नाही.

अजिंठ्याचा बेत बघून तुम्हाला हसू येईल. मुख्य शाखेतून जो आराखडा आला त्यात सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद! इतका नेमका चुकीचा बेत ठरवायलाही कसब लागतं. नुसती अदलाबदल केली तरी जमलं असतं, पण त्यावर दोन बैठका झाल्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही आणि नववीतली पोरं नेमकी त्या उंबरठ्यावर, म्हणून मी जन्मतारखांची यादी करत बसलेय. रात्री तेच काम असतं. सातवीला जानेवारीत रायगड. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यातला हा. तुम्ही म्हणाल, आम्ही तर तेव्हापासूनच मानतो, युनेस्कोला आत्ता कळलं.

आता ऐका, दोघंही.

आई, स्टुलावर चढायचं नाही. माळ्यावरचं जे हवंय ते दादा रविवारी काढून देईल, मी त्याला सांगितलंय. तो विसरला तर मला फोन कर, त्याच्याशी बोलू नकोस, मी बोलते. बाथरूममध्ये रबराची चटई टाक, ती कपाटात घडी करून ठेवायला दिली नव्हती. गुडघ्याचा व्यायाम बारा वेळा म्हणजे बारा वेळा. सकाळी दूध घ्यायला खाली उतरू नकोस पावसात, पिशवी दाराशी लावायला सांग.

बाबा, रक्तदाबाची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नसते. बरं वाटतं ते गोळीमुळेच. डब्यावर वारांची नावं मी दिवाळीतच लिहिली होती, गुरुवारचा कप्पा भरलेला दिसला तर शुक्रवारी आई मला कळवेल, तसं आमचं ठरलंय. रागावू नका, तुम्हीही माझं प्रगतिपुस्तक असंच तपासायचात.

आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबला की, तुम्ही दोघं इकडे या. घाट तेव्हा स्वच्छ दिसतो. बाबांना पंचाहत्तरी झाल्यावर एसटीत तिकीटच नाही, पास असो वा नसो, आणि आईला निम्मं. आधार कार्ड बरोबर ठेवा. बाबा, 'फुकट बसायला मला लाज वाटते' हे पुन्हा नको. इतकी वर्षं उभ्याने प्रवास केलात, आता बसा. थेट गाडी सकाळी आहे, पुढच्या बाजूची खिडकी मिळते. पोरांनी तुम्हाला बोलावलंय, खरंच. मी त्यांना सांगून बसलेय की तो सिटांचा हिशोब माझा नाही, आणि ज्यांचा आहे ते स्वतः येऊन सांगतील.

दिवाळीला मी येतेच आहे. सुट्टी लागेल त्याच संध्याकाळच्या गाडीने. शनिवार-रविवार जोडून गणपतीतही दोन दिवस बघते, पण त्याचं वचन देत नाही. आता वचनं जपून देते.

आई, जिन्यावर बसून जे बोलले होते त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. चहा राहिला आहे, विसरलेली नाही.

तुमची,
मनू

ता. क. १८ तारखेला दोघांची रक्ततपासणी आहे. उपाशीपोटी जायचं. बाबा, चहा नाही. बिनसाखरेचाही नाही.