कंबरेची गोळी आणि दम्याचा पंप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दम्याचा पंप चालू असताना कंबरेची किंवा मानेची, स्नायू सैल करणारी गोळी घेतली तर चालते का, हा प्रश्न औषधांच्या दुकानातील अठ्ठावीस वर्षांत मला फार थोड्यांनी विचारला. ज्यांनी तो विचारायला हवा होता, अशी माणसे मात्र रोज काउंटरपाशी येत होती. पंप हे औषध आहे, असे बहुतेकांच्या मनातच नसते. ‘दुसरी काही औषधे चालू आहेत का’ असे विचारले, की बीपीची आणि साखरेची गोळी सांगितली जाते आणि पंप खिशातच राहतो. काही घरांत तो मुद्दाम लपवलाही जातो, विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर.

दोन्ही औषधे ‘स्नायू सैल करतात’ असे म्हटले जात असले, तरी दोघांचे स्नायू वेगळे आहेत. पंपातील सॅल्ब्युटामॉल श्वासनलिकेभोवतीच्या, आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या स्नायूंवर काम करते, तर टिझानिडीनसारखी गोळी मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करून पाठीचे, मानेचे आखडलेले स्नायू ढिले पाडते. तिने श्वासनलिका मोकळी होत नाही. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका सॅल्ब्युटामॉल गोळीत चाळीस फवाऱ्यांएवढे. नेमून दिलेल्या मात्रेत घेतलेला पंप आणि स्नायूंची गोळी यांचे थेट भांडण त्यामुळे क्वचितच होते. पंप वारंवार ओढला किंवा सॅल्ब्युटामॉलची गोळी अथवा सिरप घेतले, तर हात थरथरणे आणि छाती धडधडणे सुरू होते. त्यातच टिझानिडीनने रक्तदाब उतरून उठताना भोवळ आली, तर रुग्णाला हृदयविकाराचीच शंका येते.

खरा धोका बहुतेक वेळा त्याच गोळीत शेजारी बसलेल्या तिसऱ्या औषधाचा असतो. आपल्याकडे स्नायू सैल करणारे औषध एकटे फारसे विकले जात नाही. क्लोरझॉक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड किंवा टिझानिडीनच्या जोडीला एकाच गोळीत ॲसेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि बऱ्याचदा पॅरासिटामॉलही असते, आणि नावापुढच्या ‘एमआर’ किंवा ‘पी’ या अक्षरांवरून सामान्य माणसाला त्यातले काहीच कळत नाही. ॲस्पिरिन आणि त्याच्या जातकुळीतील ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ७ टक्के जणांचा दमा उसळतो. ज्यांच्या नाकात मांस वाढते, वास येईनासा होतो, त्यांना ही शक्यता अधिक. फ्रान्समध्ये विडाल या डॉक्टरांनी १९२२ सालीच दमा, नाकातील मांस आणि ॲस्पिरिन यांचे हे नाते नोंदवले होते. म्हणजे शंभर वर्षे होऊन गेली.

अशी एक चूक माझ्याच हातून झाली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एक काकू पाण्याचा हंडा उचलताना कंबरेत उसण भरली म्हणून, एका हाताने कंबर धरूनच दुकानात आल्या. मी चिठ्ठी मागितली नाही, दम्याचेही विचारले नाही. कात्रीने पट्टीतील चार गोळ्या कापून दिल्या. तासाभरात त्यांचे नाक वाहू लागले, डोळे लाल झाले, छाती आवळली, आणि चार-पाच फवारे घेऊनही धाप थांबेना. रुग्णालयात डॉक्टरांनी कोणती गोळी घेतली हे विचारले, तेव्हा त्यांच्या मुलाच्या हातातील, पट्टीच्या चंदेरी तुकड्यावर फक्त मुदत संपण्याची तारीख आणि किमतीचा अर्धा आकडा होता. नाव आणि घटक माझ्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या पट्टीवर होते. नेब्युलायझर आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनने त्या वाचल्या. नाकातील मांस त्यांनी दोनदा काढून घेतले होते, हे मला नंतर कळले.

आणखी दोन जोड्यांबाबत मला सांगावेसे वाटते. सिगारेटमुळे फुप्फुसे खराब झालेल्या वयस्क पुरुषांना टायोट्रोपियमचा पंप दिलेला असतो. त्यांना सायक्लोबेंझाप्रिन हे स्नायू सैल करणारे औषध दिले, तर दोन्हींचे तोंड आणि मूत्राशय कोरडे-सुस्त करणारे गुण एकत्र येतात, आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडू शकते. दुसरी जोडी टिझानिडीन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची. हे प्रतिजैविक यकृतातील एका एन्झाइमला अडवते, टिझानिडीनचे रक्तातील प्रमाण सुमारे दहापट होते, आणि म्हणून ही दोन औषधे एकत्र देणे निषिद्ध आहे. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफिलिनचे प्रमाणही त्याच कारणाने वाढते. आणि धाप लागून रात्री झोप येत नाही म्हणून झापड आणणारी ही स्नायूंची गोळी घेणे, हे मी पाहिलेले सर्वांत घातक घरगुती शहाणपण. दम्याचा झटका आलेला असताना गुंगीचे औषध टाळायचेच असते.

हे वाचून कोणी पंप बंद करू नये. कंबरदुखीला शेक आणि नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉल दम्याच्या बहुतेक रुग्णांना चालते. त्यापुढची गोळी मात्र डॉक्टरांना पंप दाखवूनच घ्यावी. मागणी आहे ती माझ्या व्यवसायबंधूंकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे. या गोळ्या शेड्यूल एचमधील आहेत, त्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, हा नियम जुनाच आहे आणि तो कसा पाळला जातो हे मी वर कबूल केलेच आहे. निदान पट्टी कापून देताना घटकांची नावे पाकिटावर मराठीत लिहून देण्याची सक्ती व्हावी, आणि वेदनाशामक असलेल्या प्रत्येक गोळीआधी ‘दमा आहे का, पंप घेता का’ हे विचारले जावे. त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या केंद्र सरकारच्या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते. माझ्या दुकानात हा क्रमांक कधी लावलेला नव्हता.

त्या काकूंच्या पंपाच्या टोपणावर आता चिकटपट्टीखाली एक कागद आहे. त्यावर त्यांच्या नातीने लिहिले आहे : ‘ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको’.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सातारा