टेपच्या कडेवरून नख फिरवायला शिकवलंत म्हणून

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघडं पत्र.

त्या शर्यतीत माझी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी कितवी आली हे मला आठवत नाही. बॉडीकडे बघून लोक हसले ते मात्र आठवतंय. निळ्या बॉडीवर पांढरे पट्टे काढले होते. निळा रंग टेपखाली पाझरला आणि पट्ट्यांच्या कडा सुरवंटासारख्या केसाळ झाल्या. त्यात छतावरचा ५ उलटा! लेक्झनची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, बॉडी आतून रंगवायची हे माहीत होतं, पण आतून सरळ काढलेला आकडा बाहेरून आरशातल्यासारखा दिसणार, एवढं काही सुचलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. बॉडी उलटसुलट करून पाहिलीत आणि विचारलंत, "टेप लावल्यावर बाहेरून बघितलं होतंस का?"

नव्हतं बघितलं. बॉडी पारदर्शक असते, त्यामुळे टेप कुठे नीट चिकटला नाही हे रंग मारायच्या आधीच बाहेरून दिसतं, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. चिकटलेला भाग गडद दिसतो, जिथे हवा राहिली तिथे पांढुरकं. तुम्ही अंगठ्याचं नख टेपच्या कडेवरून सावकाश पुढे नेत होतात आणि पांढुरकी रेघ नखासोबत पुसली जात होती. त्यानंतर आजवर एकही बॉडी मी तसं केल्याशिवाय रंगवलेली नाही. चाकावरच्या कमानीत नख पोचत नाही, तिथे टूथपिकचं बोथट टोक वापरतो.

वळणावर मी रुंद टेप ताणून बसवायचो. ताणलेला टेप आखडून मागे येतो आणि नेमकी कड उचलतो, हे तुम्ही दाखवलंत. आता वळणाची रेघ २ मिमीच्या लवचीक टेपनं आखतो, तोही न ताणता. मागची मोकळी जागा रुंद टेपनं भरतो.

पण खरे आभार त्या कापून उरलेल्या तुकड्याचे. मी द्रव मास्क आणला होता, म्हणजे टेपऐवजी ब्रशनं लावायचा, वाळल्यावर कापून सोलायचा थर; एकच जाड हात मारून लगेच ब्लेडनं कापायच्या घाईत होतो. तुम्ही बॉडीच्या काठाचा टाकाऊ तुकडा पुढे केलात, "यावर काप." मी कापलं. तुम्ही तो तुकडा दोन बोटांत धरून वाकवलात आणि तो बरोब्बर माझ्या रेघेवर कट्‌कन तुटला. म्हणालात, "पहिल्या टकरीत बॉडी इथूनच जाणार." पुढचा अर्धा तास नुसत्या ब्लेडच्या वजनानं कापायचा सराव. नवं पातं, हात हलका, मास्क कापला जाईल पण प्लॅस्टिकला ओरखडा नाही. आणि मास्कचे तीन-चार हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. पातळ राहिला की सोलताना सलग निघत नाही, तुकडे होतात. हे मी नंतर एकदा तुमचं न ऐकून अनुभवलं.

रंगांचा क्रम तुम्ही एका वाक्यात उरकलात: गडद आधी, फिका नंतर, कारण आतून पहिला मारलेला रंगच बाहेरून वर दिसतो. फ्लोरोसंट असेल तर मागे पांढरा. बाकी मी चुकत चुकत शिकलो. साबणाच्या पाण्यानं धुतल्यावर आत बोट लावायचं नाही. बॉडी गाडीच्या ज्या खांबांवर बसते त्यांच्यासाठी पाडलेल्या भोकांना बाहेरून टेप लावायचा. पहिला हात धुळीइतका हलका, कारण ओला रंगच टेपखाली वाट शोधतो. रंग हाताला लागेनासा झाला की टेप मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, सावकाश काढायचा. दोन-तीन दिवस तसाच ठेवला तर रंगाची कड टेपसोबत उचकटते.

परवा नवी बॉडी पूर्ण केली. काळी, नारिंगी पट्ट्यांची, छतावर सरळ ५. बाहेरची संरक्षक फिल्म सोलताना खालून चकचकीत रेघ उघडत गेली तेव्हा घरात मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं "वा!" म्हणालो. मागच्या डाव्या कमानीत एका जागी रंग पाझरलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. तुम्हाला तो दिसणारच, म्हणून आधीच कबूल करतो: तिथे टूथपिक फिरवायचा कंटाळा केला.

तुम्ही दिलेल्या बारीक टेपच्या रिळात आता वीतभर टेप उरलाय. नवं रीळ घेऊन पुढच्या शर्यतीला येतो. तुमचं तुम्हाला परत, आणि तुकडा कापायला ब्लेडही आणतो.

तुमचा,
उलट्या पाचवाला