खेळातली जमीन हे वतन आहे, सरंजाम नव्हे

मा. संपादक,

संगणकावरच्या खेळांबद्दल छापून येते ते बहुतेक मारामारीच्या खेळांबद्दलच. २०२० साली आलेला ‘क्रूसेडर किंग्ज ३’ हा मध्ययुगीन राज्यकारभाराचा खेळ त्यांतला नव्हे. इथे लढाई जिंकूनही राज्य बुडते, आणि ते बुडते जमीनवाटपात.

राजाने स्वतःकडे किती ठाणी ठेवावीत याला मर्यादा असते (डोमेन लिमिट). ती ओलांडली की उत्पन्न आणि फौज दोन्ही घटतात, म्हणून वाटप टळत नाही. मग खेळाडू जिंकलेल्या सगळ्या काउंट्या (जिल्ह्यांसारखे मुलूख) एकाच शूर सरदाराला देतो, वर डचीही (अनेक काउंट्यांचा प्रांत) बहाल करतो. चूक होते ती इथेच. दिलेली जमीन वतनासारखी सरदाराच्या मुलाकडे जाते. जमीन मिळाल्याची कृतज्ञता मात्र बापाबरोबर संपते. राजाचा मांडलिकांवर अधिकार किती हे ठरवणारा कायदा (क्राउन ऑथॉरिटी) सर्वांत खालच्या पायरीवर असेल तर जमीन काढून घेताच येत नाही. वरच्या पायरीवर सबळ कारणाविना काढली तर जुलूम (टायरनी) वाढून बाकीचे मांडलिकही बिथरतात, आणि तो सरदार हत्यार उपसू शकतो ते वेगळेच.

आपल्याकडे हे घडलेले आहे. सौंदत्तीचे रट्ट हे राजघराणे आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. वरची पकड सैल होताच ते स्वतंत्र झाले आणि राजधानी बेळगावला आणली. तिथल्या किल्ल्यातली १२०४ ची कमलबस्ती (जैन मंदिर) त्यांच्याच मंत्र्याने बांधलेली.

वाटण्याआधी एक हिशेब कराच. बंडखोर गटातल्या (फॅक्शन) सरदारांची एकत्रित लष्करी ताकद राजाच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर गेली की असंतोषाचा आकडा चढू लागतो. तो १०० झाला की निर्वाणीचा खलिता येतो. म्हणून काउंट्या वेगवेगळ्या घराण्यांत द्याव्यात, शक्यतो गादीवर हक्क नसलेल्यांना. डची निर्माण न करताही काउंट्या देता येतात, पण डचीच्या निम्म्याहून जास्त काउंट्या एका हाती गेल्या तर तो सरदार ती स्वतःच निर्माण करू शकतो. राजाने दोनपेक्षा जास्त डच्या स्वतःकडे ठेवल्यास मांडलिक नाराज होतात. उलट लहान मांडलिकांची गर्दीही करू नये. त्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे. बलाढ्य सरदाराला मंत्रिमंडळात जागा द्यावी, मग तो त्या कामात थोडा कच्चा असला तरी चालेल.

खरा सरंजाम हवा असेल, म्हणजे काम करील त्याला जमीन, तर २०२४ साली खेळाच्या पुरवणीत (डीएलसी) आलेला बायझंटाइन (पूर्व रोमन) कारभार खेळावा. तिथे सुभा आपोआप थोरल्या मुलाकडे जात नाही. उमेदवारांत ज्याचे गुणांक (स्कोअर) जास्त, त्याला मिळतो, आणि हे गुणांक ‘प्रभाव’ (इन्फ्लुअन्स, खेळातले एक चलन) खर्चून वाढवता येतात. प्रभाव किरकोळ कामांत उधळू नये. सुभेदार म्हातारा दिसू लागला की आपल्या माणसावर तो लावावा. सुभेदार गेल्यावर लावून उपयोग नाही, तोवर सुभा दुसऱ्याच्या नावावर चढलेला असतो.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)